थांबत नसलेल्या लूपचे कारण कसे शोधावे

लूप थांबण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: व्हेरिएबलची सुरुवातीची किंमत, लूप चालू ठेवणारी अट, आणि प्रत्येक फेरीत त्या अटीला खोटे ठरण्याकडे नेणारा बदल. यांतली एक जरी चुकली तरी प्रोग्राम त्याच चार-सहा ओळींतून फिरत राहतो. यालाच अनंत लूप किंवा इन्फिनिट लूप म्हणतात. व्याकरणाची चूक असली तर कंपायलर ओळ क्रमांकासह तक्रार करतो. पायथॉनमध्ये शून्याने भागाकार झाला तर प्रोग्राम कारण सांगून बंद पडतो. अनंत लूपमध्ये यातले काहीच होत नाही. भाषेच्या नियमांत कोड बसलेला असतो आणि संगणक सांगितलेले काम इमानेइतबारे करत असतो, त्यामुळे तक्रार करणारे कोणी उरत नाही. नवशिक्याला मात्र मशीन हँग झाल्यासारखे वाटते. मग तो एकतर कोडकडे टक लावून बसतो, नाहीतर अटीतले चिन्ह बदलून ‘आता चालते का’ ते पाहतो. दोन्ही सवयी वेळखाऊ आहेत. कोणती किंमत बदलायला हवी होती आणि ती प्रत्यक्षात कशी बदलते आहे, हे नजरेसमोर आणले की बहुतेक लूपचा उलगडा काही मिनिटांत होतो.

आधी थांबवणे

टर्मिनलमध्ये चालणारा प्रोग्राम कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबून थांबतो. विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर हीच बटणे चालतात. पायथॉनच्या बाबतीत याचा आणखी एक फायदा असतो. थांबताना पायथॉन ‘कीबोर्ड इंटरप्ट’ असा संदेश देतो आणि त्या क्षणी कोणती ओळ चालू होती तिचा क्रमांकही दाखवतो. घाईत हा संदेश कोणी वाचत नाही, पण शोधाचा पहिला धागा तोच असतो. दोन-तीनदा चालवून थांबवले आणि प्रत्येक वेळी क्रमांक त्याच पट्ट्यातले आले, तर दोषी लूप सापडला असे समजावे. प्रोग्रामात पाच लूप असताना ही माहिती फार मोलाची ठरते.

ज्युपिटर नोटबुकमध्ये कर्नल इंटरप्ट करण्याची सोय असते. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट अडकली तर तो टॅब बंद करावा लागतो. काहीच दाद देत नसेल तर विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून ती प्रक्रिया संपवावी. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत टर्बो सी अजून तग धरून आहे. तिथे कंट्रोल आणि ब्रेक ही जोडी लागते, आणि अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर ब्रेकचे बटणच नसते. त्यामुळे फाइल जतन केल्याशिवाय प्रोग्राम चालवू नये, हा नियम तिथे विशेष कसोशीने पाळावा.

खरोखर अनंत आहे का

थांबलेला दिसणारा प्रत्येक प्रोग्राम अनंत लूपमध्ये असतोच असे नाही. पुष्कळदा तो केवळ इनपुटची वाट पाहत असतो. इनपुट मागताना ‘संख्या लिहा’ असा संदेश छापायचा राहून गेला, की समोर नुसता कर्सर लुकलुकतो आणि विद्यार्थी लूप तपासत बसतो. हा फरक टास्क मॅनेजरमध्ये दिसतो. वाट पाहणारा प्रोग्राम प्रोसेसर जवळजवळ वापरत नाही, तर नुसता फिरणारा लूप एक अख्खा प्रोसेसर व्यापतो. मशीनमध्ये चार लॉजिकल प्रोसेसर असतील तर हा वापर २५ टक्क्यांच्या आसपास दिसतो, म्हणजे आकडा १०० नाही म्हणून निश्चिंत होऊ नये.

दुसरी शक्यता अशी की लूप संपणार आहे, पण फार उशिरा. एकात एक असे तीन लूप आणि प्रत्येकाच्या हजार फेऱ्या म्हटल्या की एकूण शंभर कोटी फेऱ्या होतात. सी भाषेत एवढ्या साध्या फेऱ्या काही सेकंदांत उरकतात, पायथॉनला मिनिटे लागू शकतात. अशा वेळी मोठे इनपुट बाजूला ठेवून लहान द्यावे. हजाराऐवजी तीन किंवा पाच दिल्यावर प्रोग्राम लगेच संपला तर प्रश्न वेगाचा आहे. तरीही संपला नाही, तर तो अनंत लूप आहे असे धरून पुढे जावे. कोणत्याही परिस्थितीत पुढचा सगळा तपास लहान इनपुटवरच करणे शहाणपणाचे असते.

किमती छापून पाहणे

लूपच्या आत अगदी पहिली ओळ म्हणून एक प्रिंट लिहावी आणि अटीत आलेले प्रत्येक व्हेरिएबल तिच्यात छापावे. ‘इथे आलो’ असे छापण्यात अर्थ नसतो. लूपमध्ये प्रोग्राम येतो आहे हे माहीतच असते. व्हेरिएबलची किंमत हवी, आणि पायथॉनमध्ये तिचा प्रकारही छापून घ्यावा. पडद्यावरून हजारो ओळी धावू नयेत म्हणून एक मोजणी ठेवून वीस फेऱ्यांनंतर लूप तोडावा. ही तोड तपासापुरतीच असते. ती तशीच ठेवून ‘आता थांबतो’ म्हणणे ही दोष झाकण्याची रीत आहे, आणि अशी झाकलेली चूक पुढे चुकीच्या उत्तराच्या रूपाने बाहेर येते.

सीमध्ये छापताना शेवटी नवी ओळ जरूर द्यावी. छापलेला मजकूर आधी बफरमध्ये साठतो. नवी ओळ दिली नाही तर तो पडद्यावर येण्याआधीच प्रोग्राम बंद केला जातो आणि प्रिंटपर्यंत प्रोग्राम पोहोचलाच नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

छापलेला रकाना वाचायला शिकणे हे या कामातले खरे कौशल्य आहे. किंमत प्रत्येक ओळीत तीच असेल तर ती बदलणारी ओळ लूपमध्ये नाही, किंवा आहे पण तिथपर्यंत प्रोग्राम पोहोचत नाही. पायथॉनमध्ये इंडेंटेशन चुकल्याने ‘मोजणी += १’ ही ओळ लूपच्या बाहेर पडलेली असते. कधी ‘कंटिन्यू’ हा आदेश वाढीच्या ओळीच्या आधीच येतो आणि त्या ओळीला वळसा घालून प्रोग्राम पुन्हा वर जातो. सी किंवा जावामध्ये अटीच्या कंसानंतर सवयीने अर्धविराम दिलेला असतो. तो अर्धविराम म्हणजेच लूपचे पूर्ण शरीर ठरते, खालच्या महिरपी कंसातला कोड चालतच नाही आणि म्हणून प्रिंटही दिसत नाही. लूपमध्ये लिहिलेली प्रिंट एकदाही छापली गेली नाही, तर नजर आधी या अर्धविरामावर न्यावी.

किंमत बदलते आहे पण भलत्या दिशेने, हा दुसरा नमुना. दहापासून खाली मोजायचे असताना वजाऐवजी अधिक लिहिले गेलेले असते. याचा उलगडा दोन ओळी पाहताच होतो.

तिसऱ्या नमुन्यात किंमत योग्य दिशेने जाते, पण थांबण्याची जागा ओलांडून पुढे निघून जाते. ‘मोजणी != १०’ अशी अट आणि दर फेरीत तीनची वाढ असेल, तर शून्यापासून निघालेली मोजणी ९ वरून थेट १२ वर जाते. दशांश अपूर्णांकांत हे अधिक फसवे होते. शून्यात ०.१ दहा वेळा मिळवल्यावर पायथॉनमध्ये १ मिळत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ मिळतात, आणि पुढच्या फेरीत १.०९९९९९९९९९९९९९९९. द्विमान पद्धतीत ०.१ ही संख्या नेमकी मांडता येत नाही, त्याचा हा परिणाम. म्हणून अपूर्णांकांच्या लूपमध्ये ‘बरोबर’ किंवा ‘बरोबर नाही’ ही तुलना टाळावी. फेऱ्या पूर्णांकात मोजाव्या आणि अपूर्णांक त्यांवरून काढावा.

चौथा नमुना टर्बो सी वापरणाऱ्यांना भेटतो. तिथे इंट दोन बाइटचा असतो आणि त्यात ३२,७६७ पर्यंतच संख्या मावते. ४०,००० पर्यंत चालणाऱ्या लूपमध्ये मोजणी ३२,७६७ नंतर थेट उणे ३२,७६८ होते आणि पुन्हा वर चढू लागते. ४०,००० कधी येतच नाही. आजच्या कंपायलरवरही याचे भावंड दिसते: अनसाइन्ड इंट घेऊन ‘मोजणी >= ०’ या अटीने खाली मोजणे. चिन्हरहित संख्या शून्याखाली जाऊच शकत नाही. चार बाइटच्या मांडणीत शून्यातून एक वजा केल्यावर ती ४,२९४,९६७,२९५ होते.

अटीतली गफलत

किमती नीट बदलत असूनही लूप सुटत नसेल तर अट तपासावी. सीमध्ये तुलनेच्या दोन बरोबर चिन्हांऐवजी एकच लिहिले, तर तुलना होत नाही, किंमत भरली जाते; भरलेली किंमत शून्येतर असली की अट कायम खरी. कंपायलरचे इशारे चालू ठेवले तर आजचे कंपायलर यावर बोट ठेवतात, पण नवशिके ते इशारे वाचत नाहीत. पायथॉनने व्हाइलच्या अटीत एकेरी चिन्ह लिहायला मनाई करून हा घोळ मिटवला. तिथे प्रकाराचा घोळ मात्र राहतो. पायथॉन ३ मध्ये इनपुटमधून आलेली गोष्ट नेहमी स्ट्रिंग असते. वापरकर्त्याने ५ लिहिले तरी ते अवतरणातले ‘५’ असते आणि पाच या संख्येशी ते कधीच जुळत नाही. प्रकार छापून घेण्याचा सल्ला यासाठीच.

सर्वांत जास्त विद्यार्थी अडकतात ते ‘ऑर’च्या ठिकाणी. वापरकर्ता ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणेपर्यंत विचारत राहायचे आहे, म्हणून अट लिहिली जाते: उत्तर ‘हो’ नाही, ऑर उत्तर ‘नाही’ नाही. बोलताना हे पटते, तर्कात टिकत नाही. वापरकर्त्याने ‘हो’ लिहिले तर दुसरा भाग खरा, ‘नाही’ लिहिले तर पहिला खरा. ऑरने जोडलेल्या दोन भागांपैकी एक खरा असणे पुरेसे असल्याने लूप कोणत्याच उत्तराला थांबत नाही. इथे ‘अँड’ हवे. ‘किंवा’चा नकार करताना तो ‘आणि’ होतो, हा नियम ऑगस्टस डी मॉर्गन या इंग्रज गणितज्ञाच्या नावाने शिकवला जातो. अशी अट सरळ लिहिण्याचा सोपा मार्ग म्हणजे लूप केव्हा थांबावा हे आधी लिहावे आणि त्या संपूर्ण वाक्याला कंसात घालून ‘नॉट’ लावावे.

काही लूप अटीबाहेरच्या कारणाने चालत राहतात. सीमध्ये स्कॅनएफला पूर्णांक हवा असताना वापरकर्त्याने अक्षर टंकले, तर ते अक्षर इनपुटमध्येच पडून राहते. पुढच्या फेरीत पुन्हा तेच अक्षर, पुन्हा तेच अपयश, आणि वापरकर्त्याला बोलायची संधीच मिळत नाही. स्कॅनएफने परत दिलेला आकडा तपासणे आणि उरलेली ओळ वाचून टाकून देणे, हा त्यावरचा उपाय. पायथॉनचा फॉर लूप सुरक्षित समजला जातो, पण ज्या यादीवरून तो फिरतो आहे तिच्यातच दर फेरीत नवा घटक जोडला तर तोही संपत नाही, आणि मेमरी भरत जाते ती वेगळीच. एकात एक लूप असताना आतल्या लूपमधला ‘ब्रेक’ फक्त आतल्यालाच तोडतो. बाहेरचा ‘व्हाइल ट्रू’ निवांत चालू राहतो.

अनंत वाटणारा, पण नसलेला

अंकांची बेरीज काढण्याचा प्रोग्राम प्रत्येक अभ्यासक्रमात असतो. संख्या शून्यापेक्षा मोठी असेतोवर दहाने भागून बाकी बेरजेत मिळवायची आणि संख्येला दहाने भागायचे. सीमध्ये १२३ साठी तीन फेऱ्या होतात आणि उत्तर ६ येते, कारण पूर्णांकांच्या भागाकारात १ ला १० ने भागले की शून्य उरते. हाच कोड पायथॉन ३ मध्ये एका तिरक्या रेघेने उतरवला तर भागाकार अपूर्णांकात होतो: १२३ नंतर १२.३, मग १.२३, मग ०.१२३. किंमत घटत जाते, शून्य मात्र होत नाही. अट पाहून कोणीही म्हणेल की हा अनंत लूप आहे. पण संगणकाच्या अपूर्णांकालाही तळ असतो. सव्वातीनशेच्या आसपास फेऱ्या झाल्यावर किंमत इतकी सूक्ष्म होते की ती शून्य म्हणून मांडली जाते, आणि लूप डोळ्याचे पाते लवण्याआत संपतो. उत्तर येते ६.६७ च्या जवळ. इथे विद्यार्थ्याला लूपवर शंकाही येत नाही. तो बेरजेत चूक शोधत बसतो. दोन तिरक्या रेघा, म्हणजे पूर्णांकी भागाकार, एवढीच दुरुस्ती पुरते. पण ती सुचण्यासाठी किमतींचा रकाना एकदा छापलेला असावा लागतो.

वही आणि डीबगर

वर्गात ज्याला ड्राय रन म्हणतात ती पद्धत जुनी असली तरी लूपसाठी तिच्याइतके चांगले साधन कमी आहे. वहीत प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना, अटीला एक रकाना, आणि एकेक फेरी हाताने. अट मात्र ‘ठीक आहे’ म्हणून सोडू नये. प्रत्येक फेरीत खरी की खोटी हे लिहावेच. मदत करणाऱ्यानेही कीबोर्ड स्वतःकडे ओढू नये. चुकीची ओळ दाखवून दिली तर तो प्रोग्राम सुटतो, पण पुढचा लूप पुन्हा दारात येतो. ‘चौथ्या फेरीच्या शेवटी मोजणी किती?’ असे विचारले आणि विद्यार्थ्याला उत्तर देता आले नाही, तर त्याला चूक नेमकी कुठे आहे हे बहुधा तिथेच कळते.

वहीचेच काम डीबगर यांत्रिक रीतीने करतो. ब्रेकपॉइंट लूपच्या आतल्या पहिल्या ओळीवर ठेवावा आणि एकेक पाऊल पुढे जात किमती पाहाव्या. पायथॉनमध्ये ३.७ या आवृत्तीपासून ‘ब्रेकपॉइंट’ नावाचे फंक्शनच आहे. ते लिहिले त्या ओळीवर प्रोग्राम थांबतो. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेला थॉनी हा एडिटर नवशिक्यांसाठीच बनवलेला आहे, आणि त्यात व्हेरिएबल बदलताना बाजूच्या चौकटीत दिसतात. प्रोग्राम अडकल्यावर डीबगरमधले विरामाचे बटण दाबले तर तो जिथे फिरतो आहे तिथेच थांबतो आणि सगळ्या किमती समोर येतात. प्रिंटपेक्षा हे स्वच्छ, पण पहिल्या महिन्यात प्रिंट पुरेशी असते.

३१ डिसेंबरचा लूप

मुरलेल्या प्रोग्रामरकडूनही अशी चूक होते. ३१ डिसेंबर २००८ रोजी मायक्रोसॉफ्टचे झून हे म्युझिक प्लेअर, त्यांतले ३० जीबीचे मॉडेल, सुरू होतानाच ठप्प झाले. आतले घड्याळ १ जानेवारी १९८० पासूनचे दिवस मोजत असे आणि त्यावरून वर्ष काढत असे. रीत सोपी होती: दिवस ३६५ पेक्षा जास्त असेतोवर लूप चालवायचा, लीप वर्ष नसेल तर ३६५ वजा करून वर्ष एकने वाढवायचे, लीप वर्ष असेल तर दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का ते पाहून ३६६ वजा करायचे. २००८ हे लीप वर्ष. त्याच्या शेवटच्या दिवशी उरलेले दिवस नेमके ३६६. ते ३६५ पेक्षा जास्त म्हणून लूप चालू, पण ३६६ पेक्षा जास्त नाहीत म्हणून वजाबाकी नाही. एका फांदीत काहीच बदलत नाही, आणि त्या फांदीतून बाहेर पडायचीही वाट नाही. बॅटरी पूर्ण उतरू द्यावी आणि १ जानेवारीला ग्रीनिचच्या दुपारनंतर पुन्हा चार्ज करावी, असा उपाय कंपनीने सांगितला. म्हणजे तारीख पुढे सरकण्याची वाट पाहावी. झून बाजारात आला २००६ च्या अखेरीस, त्यामुळे लीप वर्षाचा शेवटचा दिवस त्याला प्रथमच भेटत होता.

यातून तपासाची एक नेमकी रीत मिळते. लूपमध्ये ‘इफ’ असेल तर त्याची प्रत्येक फांदी, न लिहिलेली ‘एल्स’सुद्धा, वेगळी तपासावी आणि त्या फांदीतून गेल्यावर काय बदलते ते पाहावे. क्रमाने लावलेली यादी दर फेरीत निम्मी करत जाणाऱ्या द्विभाजन शोधात (बायनरी सर्च) असाच प्रकार होतो. डावी सीमा मध्यावर आणून ठेवली, मध्याच्या पुढच्या जागी नेली नाही, तर दोनच घटक उरल्यावर मध्य आणि डावी सीमा एकच होतात आणि शोध तिथेच घुटमळतो. म्हणून चाचणी घेताना शून्य घटक, एक घटक, दोन घटक आणि नेमकी सीमेवरची किंमत या चार गोष्टी आवर्जून द्याव्यात.

लूप संपेल याची खात्री लिहिण्याआधीच करता येते. १९६७ साली रॉबर्ट फ्लॉइडने मांडलेली कल्पना साध्या शब्दांत अशी: प्रत्येक फेरीत निश्चितपणे घटणारी आणि शून्याखाली न जाणारी एक पूर्णांकी राशी दाखवता आली, तर लूप संपलाच पाहिजे. अंकांच्या बेरजेत ती राशी म्हणजे संख्या स्वतः, द्विभाजन शोधात उरलेल्या घटकांची मोजणी. झूनच्या लूपमध्ये दिवस ही राशी सगळ्या फांद्यांत घटत नव्हती. अशी राशी एका वाक्यात सांगता येत नसेल तर लूप पुन्हा लिहिणे बरे. सगळ्याच लूपसाठी ती सापडते असे मात्र नाही. सम संख्या निम्मी करायची आणि विषम संख्येच्या तिप्पटीत एक मिळवायचा, हा कोलाट्झचा खेळ २७ पासून सुरू केला तर १११ पायऱ्यांनी १ वर येतो. प्रत्येक संख्या येतेच का, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. कोणताही प्रोग्राम घेऊन तो थांबेल की नाही हे अचूक सांगणारी सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही, हे ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्येच दाखवले. कंपायलर या चुकीवर सरसकट बोट ठेवत नाही, त्यामागचे मूळ कारण हेच.

काही लूप मुद्दाम अनंत ठेवलेले असतात. वेब सर्व्हर, गेम, अर्डुइनोवरचे ‘लूप’ हे फंक्शन, सगळे थांबवेपर्यंत किंवा वीज जाईपर्यंत चालायचेच असतात. अशा ठिकाणी तपासायचे ते एवढेच की बंद करण्याची वाट ठेवली आहे का, आणि करण्यासारखे काम नसताना लूप काही मिलिसेकंद विसावतो का. तो विसावा दिला नाही तर रिकाम्या बसलेल्या प्रोग्रामसाठीही एक प्रोसेसर पूर्ण राबतो आणि लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरते.